जादा १ फूट

सांगलीच्या विश्रामबागेतून एक काका आले. १९८४ साली आमच्या अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, बांधलेल्या त्यांच्या घरावर आता मजला चढवायचाय. इंजिनिअर विचारतोय, पाया किती खोल आहे? कॉम्प्युटरवरच्या टॅलीत काय सापडणार, कप्पाळ! मी जुन्या वह्यांची ट्रंक उघडली.

२०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गावभागातल्या ऑफिसात ही ट्रंक खालीच राहिली होती. दादांनी आणि मी एकेक पान सोडवून, मध्ये रद्दी पेपर घालून पंख्याखाली वाळवलं. शाईपेनाचं सगळं फुटून निळे ढग झाले होते, बॉलपेनचं मात्र शाबूत. अण्णा शाईपेनवाले, दिवाणजी बॉलपेनवाले. त्यामुळं आमच्या फर्मचा जो काही इतिहास उरलाय, तो दिवाणजी सांगतील तसा.

आणि ते कुरकुरे होते. 'सिमेंट ४० पोती मागितली, २५ आली.' (१९८२ ला सिमेंट सरकारी नियंत्रणातून अर्धंच खुलं झालं होतं, नियंत्रण पुरतं उठलं १९८९ ला.) 'वाळू ३ ब्रास, ओली, माप कमी.' हजेरीपटात गवंडी-बिगाऱ्यांच्या नावापुढं रेघा, शेवटच्या रकान्यात उचल. एका दिवशी नुसतंच, 'पाऊस. काम बंद. चहा ९.' काम बंद असताना नऊ चहा कोण प्यालं, हे त्यांना बोचलेलं दिसतं.

काकांचं पान सापडलं. 'खोदाई ४ फूट, काळी माती. ५ फुटांवर मुरूम. मालक म्हणतात बास.' काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पाया टेकवला की भिंतीला चीर ठरलेली. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, ते इथं झालं होतं. त्याखाली अण्णांच्या अक्षरातली एक ओळ असावी. तिथं आता ढग आहे. पुढच्या दिवशी परत बॉलपेन: 'खोदाई जादा १ फूट. मुरूम मऊ आहे म्हणे. मजुरी फर्मच्या नावे.' 'फर्मच्या नावे'खाली दोन रेघा. दुसरीनं कागद जवळजवळ फाटलाय.

काकांनी पानाचा फोटो काढला, दोनदा. ते गेल्यावर दादांनी चष्मा पुसत विचारलं, "तो एक फूट बिलात नव्हता लावला ना?"

"नाही."

"मग दिवाणजी आठवडाभर तरी अण्णांशी धड बोलले नसतील."