निवड झाल्याचे पत्र आणि ३ लाख ६५ हजार रुपये

जून महिन्यात माझ्या मुलीच्या नावाने एक ई-मेल आला. न्यूयॉर्क येथे भरणाऱ्या एका विद्यार्थी नेतृत्व परिषदेसाठी तिची ‘निवड’ झाल्याचे त्यात कळवले होते. ती नुकतीच अकरावीत गेली आहे आणि अशा कोणत्याही परिषदेसाठी तिने अर्ज केलेला नव्हता. पत्राच्या माथ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाचे छायाचित्र होते, आठच जागा शिल्लक असल्याचे लाल अक्षरांत लिहिले होते, आणि अगदी तळाशी, चष्मा लावूनच वाचता येईल अशा टाइपात, ३ लाख ६५ हजार रुपयांचा आकडा होता.

आमच्या घरी असे पत्र दुसऱ्यांदा आले. पहिले आले तेव्हा थोरला मुलगा अकरावीत होता, परिषद जिनिव्हात होती, आणि सगळे मिळून २ लाख ८० हजार रुपये लागले होते. तेव्हा आम्ही फारसा विचार न करता होकार दिला, कारण वर्गातली दहा-अकरा मुले जाणार होती आणि आपलाच मुलगा मागे राहिला तर आयुष्यभर ते मनात सलत राहील, असे वाटले. शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने त्यासाठी मुदत ठेव मोडली होती. आम्हाला ठेव मोडावी लागली नाही, पण त्या वर्षी घराचे रंगकाम पुढे ढकलले.

ज्यांना या परिषदांचे स्वरूप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यांपैकी बहुतेक परिषदा संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा असतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश दिला जातो, त्या देशाच्या बाजूने बोलायचे, इतर देशांशी वाटाघाटी करायच्या आणि शेवटी ठराव मांडून तो मंजूर करून घ्यायचा, असा हा खेळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) काळापासून विद्यापीठांतून तो खेळला जात आहे. नेदरलँड्समधल्या द हेगची शालेय मुलांची परिषद १९६८ पासून भरते. खेळ म्हणून तो उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याला चिकटलेल्या विमानाच्या तिकिटाबद्दल.

मुलाला बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतला देश मिळाला होता. हे नाव ऐकून त्याचे तोंड उतरले, कारण मित्रांपैकी एकाला फ्रान्स आणि दुसऱ्याला ब्राझील मिळाले होते. मग तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे, छापून आणलेले अहवाल आणि पेन्सिलीने खरडलेले कागद पसरलेले असत. १९८४ पर्यंत त्या देशाचे नाव अप्पर व्होल्टा होते, त्याला समुद्रकिनारा नाही, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या हिंसाचारामुळे तिथली लाखो माणसे आपल्याच देशात विस्थापित झाली आहेत, हे सगळे तो मला भाजी चिरताना ऐकवत असे. ‘वागाडूगू’ हा राजधानीचा उच्चार नीट जमावा म्हणून आरशासमोर उभा राहून तो सराव करी. देशाची भूमिका मांडणारे दोन पानांचे टिपण त्याने चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिले, आणि मी आजवर वाचलेले त्याचे सर्वांत चांगले लेखन तेच आहे.

प्रत्यक्ष परिषदेत मात्र त्याच्या समितीत १६० विद्यार्थी होते. चार दिवसांतून उद्घाटन, समारोप आणि शहरदर्शन वगळले तर कामकाजाला सुमारे १४ तास मिळाले, आणि त्यांतले निम्मे जागा सोडून घोळक्याने केलेल्या चर्चेत गेले. उरलेल्या सात तासांत प्रत्येकी दीड मिनिटाची भाषणे धरली तरी जेमतेम २८० होतात, म्हणजे माणशी दोनसुद्धा पुरती नाहीत. माझ्या मुलाला बरोबर दोन मिळाली. मी व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे मिनिटाला ९३ हजार रुपये पडले, हे माझ्या डोक्यातून जात नाही. हा हिशेब त्याच्यावर थोडा अन्याय करणारा आहे, हेही मला कळते. अनोळखी परदेशी मुलांशी इंग्रजीत बोलण्याची त्याची भीती तिथेच गेली, असे तो आजही सांगतो, आणि त्यावर माझा विश्वास आहे. फक्त ती भीती घालवायला आल्प्सपर्यंत जावे लागते का, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही.

या वेळी म्हणून मी आधी प्रश्न विचारायचे ठरवले आणि पत्रातल्या क्रमांकावर फोन केला. या ‘निवडी’साठी किती नावे विचारात घेतली होती आणि किती नाकारली, असे विचारले, तेव्हा पलीकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात सांगितले की आमच्या कन्येत नेतृत्वगुण दिसले आहेत. ते कोणाला आणि कशात दिसले, याचे उत्तर तिच्यापुढच्या कागदावर बहुधा नव्हते. एका समितीत किती विद्यार्थी असतील, तेही तिला सांगता आले नाही. नियमावली मात्र तिने लगेच पाठवली आणि ती मी धंद्याच्या सवयीने शेवटच्या पानापर्यंत वाचली. दर बारा विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा प्रवास व निवास मोफत, असे एक कलम त्यात होते, आणि महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर या परिषदेची जाहिरात इतक्या उत्साहाने का लागली होती, याचा उलगडा मला तिथे झाला. दुसऱ्या कलमानुसार व्हिसा नाकारला गेल्यास पैसे परत मिळणार नव्हते. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाचे शुल्क १८५ डॉलर आहे आणि व्हिसा न मिळाल्यास तेही बुडते. म्हणजे सगळी जोखीम पालकांची.

‘संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात एक दिवस’ असेही माहितीपत्रकात ठळकपणे छापले होते. त्या इमारतीत तिकीट काढून वाटाड्यासह फेरी मारण्याची सोय कोणत्याही पर्यटकाला असते, जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रासादातही असते. परिषदेची एखादी बैठक त्या इमारतीत भरली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी आपल्या मुलाला बोलावले, असा अर्थ होत नाही, पण माहितीपत्रक लिहिणाऱ्याने वाक्यरचना अशी केली होती की तो अर्थ आपोआप निघावा.

राहिला प्रवेशाचा मुद्दा, ज्याचा आधार घेऊन बहुतेक आईवडील स्वतःची समजूत घालतात. आपल्याकडे अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटी किंवा जेईईवर आणि वैद्यकीयचा नीटवर ठरतो; तिथे या प्रमाणपत्राला रद्दीची किंमत आहे. अमेरिकेत पदवीला जायचे असेल तर अनेक विद्यापीठांसाठी जो सामाईक अर्ज भरतात, त्यात अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते, तीही मधल्या रिकाम्या जागा धरून. त्या १५० अक्षरांत ‘परिषदेला हजर राहिले’ यापेक्षा ‘तीन वर्षे अमुक काम केले’ हे वाक्य वजनदार ठरते, कारण पैसे भरून कोठे जाता येते हे अर्ज वाचणाऱ्यांनाही ठाऊक असते.

खरी निवड कशी असते, हे पाहायचे तर उदाहरणे आहेत. अमेरिकी सरकारच्या खर्चाने एक शैक्षणिक वर्ष तिथल्या कुटुंबात राहून शिकण्याची केनेडी-लुगर योजना भारतातल्या शालेय विद्यार्थ्यांनाही खुली आहे. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो आणि बहुतेकांना नकार मिळतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय व राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमाची शिबिरे आहेत, आणि त्यांच्या अर्जातले प्रश्न असे असतात की घाईघाईने उत्तरे लिहिताच येत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ पासून आहे आणि आज असंख्य महाविद्यालयांत चालते. तिच्या सात दिवसांच्या शिबिरात पन्नास जणांचा स्वयंपाक ज्याने सांभाळला, त्याला नेतृत्वावर व्याख्यान द्यायला पाहुणा बोलवावा लागत नाही. पण फुकट आणि गावातल्या शाळेत मुक्काम, म्हणून आम्ही मध्यमवर्गीय पालक त्याला किंमत देत नाही.

माझा मुलगा आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षे महाविद्यालयाच्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेचे व्यवस्थापन पाहतो. नेपथ्याचे सामान भरत नाट्य मंदिरापर्यंत पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याशी घासाघीस, तालमीच्या खोलीसाठी प्राचार्यांची सही, रुसून बसलेल्या नटाची समजूत आणि पंचवीस जणांच्या वडापावचा हिशेब हे सगळे त्याच्याकडे असते. जिनिव्हाला गेला नसतास तर काय बिघडले असते, असे मी त्याला या वेळी एकदाचे विचारले. तो म्हणाला, “आई, बिघडलं काहीच नसतं. पण बुर्किना फासो कळला नसता.” त्यावर मुलगी लगेच म्हणाली, “तो तर तू इथेच बसून वाचलास, दादा!”

तरीही मी तिला सरळ नकार दिला नाही. कुटुंबाने एरवीही परदेशी सहल केली असती, पैसे हाताशी आहेत आणि मुलीला ते शहर पाहायचे आहे, तर सहल म्हणून अवश्य जावे, त्यात वावगे काही नाही. शुल्कमाफी मिळत असेल किंवा समिती वीस-पंचवीस जणांची असेल, तर मी स्वतःच आग्रह धरीन. आमच्या बाबतीत यांतले काहीच नव्हते, आणि ‘निवड’ या शब्दाची किंमत म्हणून साडेतीन लाखांहून अधिक द्यायला माझी तयारी नव्हती. हे सगळे कागदावर मांडून मी तिच्यापुढे ठेवले. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच ई-मेलला उत्तर पाठवून नकार कळवला.

पुण्यातल्याच एका महाविद्यालयात डिसेंबरमध्ये दोन दिवसांची अशीच अभिरूप सभा आहे, प्रतिनिधीसाठी शुल्क १८०० रुपये. तिने प्रतिनिधी म्हणून नाव न देता आयोजकांच्या चमूत काम मागितले, आणि नवखी म्हणून तिच्या वाट्याला देशांच्या नावांच्या पाट्या छापून आणण्याचे काम आले. पाच समित्या मिळून १४० पाट्या हव्या आहेत. गेल्या शनिवारी आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात तीन छपाईवाल्यांकडे भाव काढत हिंडलो. कागद किती जाड हवा आणि अक्षरे मागच्या रांगेतून दिसायला केवढी हवीत, हे तिला सांगता येईना, म्हणून रविवारी तिने दादाच्या टेबलावरची बुर्किना फासोची पाटी काढली, पट्टीने मोजली आणि नमुना म्हणून पिशवीत घालून ठेवली.