भाऊ वेगळे, चूल एकच

आमचं पॅटर्न शॉप, म्हणजे फाउंड्रीच्या ओतकामासाठी लाकडी नमुने करायचं दुकान. सोमवार त्याचा सुट्टीचा वार. म्हणून रविवारी रात्री राउटरच्या, म्हणजे लाकूड कापणाऱ्या मशीनच्या, पीसीमधली डेबियन लिनक्सची एसएसडी काढून घरी आणली होती. जशीच्या तशी एक कॉपी करून कपाटात ठेवायची, एवढाच बेत. सोमवारी साडेअकराला शिरोलीच्या एका फाउंड्रीतून फोन आला, ‘दादा, त्या पंप केसिंगच्या कोअर बॉक्सचं ड्रॉइंग मेल करा की लगेच.’

ड्रॉइंगं दुसऱ्या एसएसडीवर, ती तिच्यावरच्या दुसऱ्या लिनक्ससकट पीसीतच होती. उद्यमनगरचं शॉप गाठलं, शटर अर्धं वर केलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट होईल अशी डिस्क नाही.

आणि मी वर्षभर भेटेल त्याला सांगत होतो, दोन डिस्का, दोन लिनक्स, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही!

दोन का, ते आधी सांगतो. आमचा लाकूड-एमडीएफ कापणारा राउटर लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालतो, तोही प्रिंटरच्या जुन्या २५ पिनांच्या पोर्टमधून. मोटरला पल्स वेळच्या वेळी जायला हवी, म्हणून डेबियन १२ वर रिअल-टाइम कर्नल (वेळ काटेकोर पाळणारा लिनक्सचा गाभा) टाकलाय. लेटन्सी, म्हणजे वेळेला होणारा उशीर, मोजून बघितली तर १५-२० हजार नॅनोसेकंदांच्या आत राहते, म्हणजे झकास. पण त्यात ग्राफिक्स कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर घातला की हा आकडा कुठल्या कुठे जातो. फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये थ्रीडी फिरवायला मला तोच ड्रायव्हर हवा. शिवाय चालत्या मशीनचं अपडेट करायचं नाही हा राउटर चालवणाऱ्या आबांचा कायदा, आणि मला तर दर आठवड्याला काहीतरी नवीन टाकून बघायची खाज. शॉपमध्ये पीसी एकच. मग राजारामपुरीतून दुसरी एसएसडी आणली आणि तिच्यावर रोजच्या वापरातलं दुसरं एक लिनक्स बसवलं.

खरं तर दुसऱ्याच दिवशी मला शहाणपण यायला हवं होतं. डेबियन सुरू करताना पडद्यावर ‘स्टार्ट जॉब’ म्हणत सेकंद मोजणं सुरू झालं, पुढे मर्यादा दीड मिनिट. आबा जॉब बांधून उभे. ‘काय रं, गाडी तापाय लागलीया व्हय?’

झालं होतं असं की नव्या इन्स्टॉलरने पहिल्या डिस्कवरचं स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) दिसलं म्हणून तेही फॉरमॅट करून स्वतःच्या नावावर लावून घेतलं. फॉरमॅट झालं की यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख नंबर, बदलतो. डेबियन एफएसटॅबमधला (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीतला) जुना नंबर धरून बिचारं वाट बघत बसलं. मी एफएसटॅबमध्ये नवा नंबर घातला, हायबरनेटमधून उठायच्या रिझ्यूमच्या फाइलीतही तोच बदलला, इनिट्रॅमएफएस (सुरू होताना आधी लागणारी छोटी फाइल सिस्टिम) परत बनवली आणि विषय संपवला. हा पाहुणा दुसऱ्याच्या घरात हात घालतोय, तर आणखी कुठे घातला असेल, एवढं बघायचं सुचलं नाही.

तर सोमवारी परत घरी जाऊन डेबियनची डिस्क आणली, जोडली. दुसरं लिनक्स गपगुमान सुरू! ड्रॉइंग पाठवलं आणि मग शोधायला बसलो. डेबियनच्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे पीसी जिथून बूट सुरू करतो त्या जागेत, फोल्डर दोन, एक डेबियनचा, एक या पाहुण्याचा. आणि दुसऱ्या डिस्कवर मी स्वतः हाताने केलेलं ५०० एमबीचं ईएफआय पार्टिशन? कोरं करकरीत. इन्स्टॉल करताना ‘बूटलोडर कुठे टाकू’ या प्रश्नाला मी दुसरी डिस्कच निवडली होती, चांगलं आठवतंय. पण यूईएफआयमध्ये (बोर्डाच्या नव्या बूट पद्धतीत) काही इन्स्टॉलर ते उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि पहिलं सापडलेलं ईएफआय पार्टिशन धरतात. भाऊ वेगळे झाले, भिंत घातली, पण भाकरी अजून थोरल्याच्याच चुलीवर.

दुरुस्तीला परत इन्स्टॉल करावं लागलं नाही. दुसऱ्या लिनक्समध्ये एफएसटॅबच्या बूट-ईएफआयच्या ओळीत त्याच्याच डिस्कवरच्या कोऱ्या पार्टिशनचा यूयूआयडी घातला, जुनं अनमाउंट करून नवं माउंट केलं आणि ग्रब-इन्स्टॉल चालवलं; ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर. काही मदरबोर्ड डिस्क काढली की तिची बूटची नोंदच विसरतात, म्हणून तीच कमांड रिमूव्हेबल पर्याय लावून दोन्हीकडे एकेकदा परत चालवली. त्याने ग्रबची एक प्रत ठरलेल्या जागी पडते, नोंद नसली तरी बोर्डाला सापडते. पाहुण्याचा जुना फोल्डर मात्र लगेच उडवला नाही. पीसी बंद, एक केबल काढ, सुरू कर. बंद, दुसरी काढ, सुरू कर. दोन्ही आपापल्या पायांवर उभी राहिली तेव्हाच उडवला. ग्रब-इन्स्टॉल नवी नोंद बूटच्या क्रमात सगळ्यात वर चढवतं, तेवढी बायोसमध्ये जाऊन खाली सरकवली. नाहीतर मंगळवारी सकाळी आबांना राउटरच्या जागी माझा फ्रीकॅड दिसला असता.

एकाच्या ग्रबमध्ये दुसऱ्याचं नाव मी मुद्दाम येऊ देत नाही. एकाचा कर्नल बदलला की दुसऱ्याच्या यादीत जुनाच राहतो, ती यादी ताजी करत कोण बसणार? पीसी चालू केला की डेबियन. मला दुसरं हवं असेल तर एफ १२ दाबायचं.

आता बसवायचं झालं तर पहिल्या डिस्कची साटा केबल काढूनच बसवेन. जी डिस्क इन्स्टॉलरला दिसतच नाही तिच्यात तो हात काय घालणार! बोर्डावर स्क्रूने बसणारी एनव्हीएमई असेल तर प्रत्येक वेळी स्क्रू खोलायचा कंटाळा येतो. तिथे जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्राममध्ये पहिल्या ईएफआय पार्टिशनचा ईएसपी फ्लॅग (ही ईएफआयची जागा, अशी खूण) तात्पुरता काढायचा, बसवून झालं की परत लावायचा.

कॉपी त्या सोमवारी राहिलीच, पुढच्या सोमवारी केली. मूळ आणि कॉपी दोन्हींचे यूयूआयडी तेच असतात, दोन्ही एकत्र जोडल्या तर कुठली माउंट होईल नेम नाही. म्हणून कॉपीवर मार्करने ठळक लिहिलंय: ‘एकटीच लावणे’. आबांनी ते वाचलं आणि काही न बोलता चहा सांगायला गेले.