गळा गेला, कान आहेत

आज परत दोन तानपुरे आलेत दुरुस्तीला, बैठकीत पाय ठेवायला जागा नाही.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बसला तो बसलाच. त्या ग्रंथीच्या मागूनच स्वरतंतू हलवणारी नस जाते, तिला धक्का लागला की एका बाजूचा तंतू हलतच नाही, मग दोन्ही नीट मिटत नाहीत नि मधून नुसती हवा जाते. स्पीच थेरपीने बोलणं जमायला लागलं, पण तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, गेलं की फुस्स. आणि आमचं ग्वाल्हेरचं गाणं म्हणजे सपाट तान, सरळ वर जाऊन सरळ खाली येणारी, ती तर विसराच. हजीऱ्याला तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा सुधारतो म्हणतात ना, शेजारच्या काकूंनी पुडी बांधून आणून दिली. खाल्ली मी. आंबट होती.

रियाजाच्या वेळी मुद्दाम भांडी घासत बसायचे, सगळी आधीच घासलेली असायची तरी.

मग गल्लीतली एक मुलगी, माधव संगीत महाविद्यालयात जाते (भातखंड्यांनी १९१८ मध्ये सुरू केलेलं, आमच्या लश्कर भागातल्या कितीतरी घरांतलं कोणीतरी तिथे शिकलंय), तिचा तानपुरा घेऊन आली, जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, पार गेलेली. तारेखाली घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) सुताचा दोरा असतो तो किंचित पुढेमागे करत गेलं की एका जागी तार एकदम उघडते, खर्जातून, म्हणजे खालच्या ‘सा’च्या तारेतून, गंधार (‘ग’) आपोआप ऐकू यायला लागतो, कोणी लावलेला नसतो तरी. तो मला ऐकू आला आणि मी तिला म्हटलं थांब, अजून थोडा मागे घे. घोडी कानसायचं काम मात्र मी करत नाही, ते मिरजेच्या कारागिरांनीच करावं.

अ‍ॅपवाला तानपुरा कधी उतरत, म्हणजे बेसूर होत, नाही हाच त्याचा प्रॉब्लेम, मुलांना लावायची वेळच येत नाही तर कान कसा तयार होणार? म्हणून माझ्याकडे येणाऱ्याने आधी तारेवरचे मणी सरकवून स्वतः लावायचा, मग चहा.

दुःख गेलंय वगैरे काही नाही हं. परवा कोणाचातरी यमन ऐकताना रडू आलं, पण तेवढ्यात लक्षात आलं की तानपुऱ्याचा जोड (मधल्या दोन ‘सा’च्या तारा) उतरलाय, मग रडणं राहिलं बाजूला, उठून सांगावंसंच वाटायला लागलं.

हे म्हणतात विद्येच्या कामाचे पैसे काय घ्यायचे. मी म्हणते घ्यायचे, पंक्चरवाला घेतो की नाही? शंभर रुपये सांगितलेत, तारा बदलायच्या तर वेगळे.