बीबीए परत आली, पण आता ती कुठून येते ते कळलं

बीबीए म्हणजे ब्लॅक बियर्ड अल्गी, झाडांवर काळ्या दाढीसारखं वाढणारं शैवाल. माझ्या माशांच्या टाकीत गेल्या वेळी स्वच्छ झालेल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडा पुन्हा काळ्या पडल्या आहेत. टाकी तीच, तीन फुटी, निव्वळ पाणी १२५ लिटर. झुबके फिल्टरच्या आउटलेटवर, लाकडाच्या वरच्या टोकाला आणि उजव्या कोपऱ्यात. ओढायला जावं तर पान फाटतं, दाढी सुटत नाही. खत तेच, पाणीबदल तोच, एलईडी सहा तास. राहतो सीओटू, म्हणजे झाडांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड गॅस.

आणि ड्रॉप चेकर (पाण्यात सीओटू पुरेसा असला की हिरवा होतो) तर रोज रात्री जेवणानंतर हिरवागार! गोम तिथेच आहे. चेकर पाण्यातली स्थिती दीड-दोन तास उशिरा दाखवतो, त्यामुळे रात्रीचा हिरवा रंग दुपारबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून पीएच पेन घेऊन तासातासाला मोजणी, कारण सीओटू वाढला की पीएच उतरतो. बोअरच्या पाण्याचा केएच (कार्बोनेट कठीणपणा) १०, ग्लासात रात्रभर उघड्या ठेवलेल्या पाण्याचा पीएच ८.२. या केएचला ३० पीपीएम सीओटू म्हणजे पीएच ७.०. एलईडी दुपारी ३ ते ९, सोलेनॉइड (गॅसचा विजेवरचा व्हाल्व्ह) २ वाजता उघडून ८ ला बंद व्हायला हवा. प्रत्यक्षात ३ वाजता ८.१, ५ वाजता ७.८, साडेसहाला ७.२ आणि ७.० गाठेपर्यंत ७ वाजले. म्हणजे उजेडाचे पहिले चार तास झाडं पुरेशा गॅसविना. वर रात्री साडेदहापर्यंत गॅस चालू, म्हणूनच मासे पृष्ठभागावर तोंड काढत होते.

कारण अगदी क्षुल्लक निघालं. पिना दाबायचे चकतीवाले टायमर लाइट गेली की थांबतात. एलईडीचा टायमर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर, सोलेनॉइडचा साध्या. सांगलीत वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून कितीदा लाइट जाते ते सांगायला नको. दर वेळी गॅस तेवढा मागे सरकतो, एलईडी मात्र वेळेवर. रोजचा सीओटू असा वरखाली होत राहिला की बीबीएला आमंत्रणच.

आता मारायचं कसं. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं. बाहेरच्या लेखांतले डोस बहुतेक ३ टक्क्यांचे, तेव्हा मापं निम्मी करा. या टाकीला एका वेळी ३० मिलीच्या वर नाही. फिल्टर बंद, सुई काढलेली २० मिलीची सिरिंज झुबक्याला टेकवून सावकाश सोडायची, १० मिनिटं थांबायचं, मग फिल्टर चालू. मॉस आणि रिचियाच्या जवळपास नको, ती जळतात. आउटलेट काढून बाहेरच पेरॉक्साइडमध्ये बुडवा. दोन-तीन दिवसांत झुबके गुलाबी झाले की समजायचं मेले. ही मुळात लाल शैवालाच्या कुळातली, मरताना खरा रंग दाखवते. अनुबियासच्या एका पानाची अख्खी कड कालपासून गुलाबी आहे. बघत बसावंसं वाटतं!

गुलाबी झालेलं सियामीज अल्गी ईटर मासे आवडीने खातात. फक्त दुकानदार त्या नावाखाली काहीही देतो. काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत गेलेला असेल तरच घ्या.

खताबाबत आपण द्राक्षपट्ट्यातले लोक नशीबवान. तासगाव-मिरजेकडे कृषी सेवा केंद्रात १३-०-४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ०-५२-३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) सहज मिळतं. आयात बाटल्यांवर पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. या टाकीला १३-०-४५ सव्वा ग्रॅम म्हणजे साधारण ६ पीपीएम नायट्रेट, ०-५२-३४ पाव ग्रॅम म्हणजे १.४ पीपीएम फॉस्फेट, आठवड्यातून तीनदा, रविवारी निम्मं पाणी बदलून. फॉस्फेट वाढवल्यापासून काचेवरचे हिरवे ठिपके जवळजवळ थांबलेत. १९-१९-१९ मात्र टाकीजवळही आणू नका. त्यात अमोनियम आणि युरिया असतो.

बेत होता बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर घ्यायचा. पण हे लिहितानाच सुचलं, त्याची गरजच काय? दोन्ही टायमर इन्व्हर्टरच्या एकाच बोर्डावर लावले की झालं. सोलेनॉइड जेमतेम काही वॅट खातो. इन्व्हर्टर उतरला तरी दोन्ही एकदम थांबतील, गॅस आणि एलईडीमधला एक तास तसाच राहील, आणि सोलेनॉइड नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वीज नसताना बंद राहणारा, असल्याने गॅसही बंद. घड्याळाशी जुळवणं रविवारी पाणी बदलताना. वाचलेले पैसे गॅस बारीक सोडणाऱ्या बऱ्या नीडल व्हाल्व्हला. आताच्याने बबल रेट एका जागी राहत नाही, बीबीएला तेवढंही पुरतं.

तीन दिवसांच्या ब्लॅकआउटचा, म्हणजे टाकी पूर्ण अंधारात ठेवण्याचा, विचार सोडला. हिरव्या पाण्यावर तो चालतो, बीबीएला फारसं काही होत नाही. उजव्या कोपऱ्यातली जुनी, पूर्ण काळी पानं सरळ देठापासून कापणार, राइझोमला (आडव्या खोडाला) धक्का न लावता. तिथे पेरॉक्साइड वाया घालवण्यात हशील नाही.