आज्जाची बाज

आज्जाला जाऊन आता दोन महिने होतील. वय कागदावर ९५, पण त्या कागदाचं काय खरं नाही, गुरुजींनी सगळ्या पोरांना लावली तशी त्यालाही १ जून लावून टाकली होती. तो स्वतः म्हणायचा "मी भातलावणीतला", म्हणजे जून नाहीच, जुलै धरा.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला डोंगरात. इकडं घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत असायचाच, तसा आज्जाही लालबागला राहून साचेखात्यात काम करायचा. एका खोलीत पंधरा-वीस गाववाले, पाळीपाळीनं झोपायचे, आणि हा गडी रात्रपाळी नसली की वळकटी उचलून सरळ फुटपाथवर. आत जीव गुदमरतो म्हणायचा.

मग ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. धक्का मुंबईतही लागला, पण गावाकडं काय झालंय ते कळायला वेळ गेला. कोयनानगर पार झोपलं होतं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमची मागची भिंत आली खाली, आज्जी पोरांना पोटाशी घेऊन खळ्यावर बसलेली. आज्जा आठ दिवसांची रजा टाकून आला तो परत गेलाच नाही, हिशोबाचे पैसेसुद्धा नंतर चुलत्यांनी आणून दिले.

तेव्हापासून तो कधी घरात झोपला नाही. अंगणात बाज, पावसाळ्यात तीच बाज पडवीत. आज्जी म्हणायची, भूकंपाची धास्ती बसलीय. आज्जा म्हणायचा, "धास्ती कसली? मला आधीच नको हुतं, आता कारण घावलं." मला वाटतं दोघंही खरं बोलत होते.

कामाला मात्र वाघ. उतारावरची नाचणी, खाली दोन खाचरं भात, चार जनावरं. नाचणी तयार व्हायला लागली की गवे येतात, मग रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवायचा. ऐंशी ओलांडल्यावरही शिडी चढायचा, तात्या ओरडायचे, हा वरून म्हणायचा तुम्ही झोपा गुमान.

पण मला आठवतो तो पहिल्या पावसातला आज्जा. मे संपता संपता एखादी जोरदार सर आली की रात्री बॅटरी आणि पोतं घेऊन ओढ्याला, मागं आम्ही सगळी मुंबईची पोरं चपला हातात घेऊन. खेकडा उजेडात थांबतो. आज्जा मागनं हात नेऊन पाठीवर अंगठा दाबायचा, दोन बोटं पोटाखाली, नांग्या हवेत नाचत राहायच्या. "घाबारलास की गेलास, हळू हात नेलास तरी गेलास." मी हळू नेला. नांगीनं जे बोट धरलं ते सोडेचना, मी बोंबललो, आज्जानं शांतपणे माझा हात खेकड्यासकट पाण्यात धरला आणि खेकडा आपोआप सुटून गेला. बोटाचं सोडून आज्जाला तो खेकडा गेल्याचंच वाईट वाटलं होतं. वण अजून आहे.

१९८२ चा संप झाला आणि भावकीतले एकेक जण ट्रंका घेऊन परत यायला लागले. लोक म्हणायचे तू हुशार, आधीच सुटलास. त्याला ते आवडायचं नाही. आलेल्याला तो सरळ शेतावर घेऊन जायचा, हातात खुरपं द्यायचा आणि जाताना पाठीवर नाचणीचं पोतं, बोलणं काही नाही.

शेवटी आठ दिवस कराडला दवाखान्यात होता. एसी लावलेला, खिडकी बंद. सलाईन लावलेल्या हातानं खिडकीकडं खूण करत राहिला, ती उघडायचीच नव्हती असली खिडकी. मग तात्यांनीच सही करून घरी आणला. अंगणात ठेवला. तीन रात्री होता.

दरवर्षी होळी झाली की तो बाजेचं सुंभ ओढून घट्ट करायचा, पायानं दांडीला रेटा देऊन, दात-ओठ खात. या वर्षी ते राहिलं. मी परवा गावाला गेलो तर बाज तशीच अंगणात, मध्ये झोळ पडलेला. चुलते म्हणाले ओढून घेऊया काय, तात्या म्हणाले राहू दे. रात्री मी त्यातच झोपलो, कंबर धरली, पण झोप चांगली लागली.