टर्बो घरी बांधला, अडकलो बॅलन्सिंगच्या फॉर्मवर

कारचा टर्बोचार्जर (एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरवून, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात दाबाने हवा भरणारं यंत्र) घरी बनवावा का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: रोटर, म्हणजे शाफ्ट आणि त्यावरची दोन्ही चाकं, बॅलन्स कुठे करून घेणार? त्याचं उत्तर तयार असेल तर बाकीचं काम घरच्या वर्कबेंचवर होतं. माझं झालं. राग आहे तो बॅलन्सिंगवाल्यांच्या काउंटरचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

घरी म्हणजे किती, ते आधी सांगतो. टर्बाइन व्हील मी ओतलं नाही, आणि कुणी ओतायच्या फंदात पडूही नये. पेट्रोल इंजिनच्या एक्झॉस्टचा वायू हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्यात टिकायला ते चाक इन्कोनेल 713सी सारख्या निकेलच्या मिश्रधातूचं लागतं, आणि पोलादी शाफ्टला ते घर्षणाने किंवा इलेक्ट्रॉन बीमने वेल्ड केलेलं असतं. म्हणून शाफ्टसकट टर्बाइन व्हील, कॉम्प्रेसर व्हील, फ्लोटिंग बुश (तेलाच्या थरावर शाफ्टला आधार देणारे), थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) आणि सील रिंगा नवीन घेतल्या. बेअरिंग हाउसिंग आणि दोन्ही बाजूंची हाउसिंग जुनीच, तेलाचे मार्ग पूर्ण मोकळे करून. बुश आणि शाफ्टमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, त्यामुळे मायक्रोमीटर आणि बोअर गेज नसेल तर सुरुवातच करू नका. जोडणी सुरळीत झाली.

मग बॅलन्सिंग. याला एवढं महत्त्व का, ते आकड्यांतच बघा. कारच्या टर्बोचा रोटर मिनिटाला 1,50,000 फेरे सहज घेतो, छोटे टर्बो 2,00,000 च्याही पुढे जातात. 1,50,000 फेऱ्यांवर 50 मिलिमीटर व्यासाच्या व्हीलची कड सेकंदाला 390 मीटरच्या आसपास धावते, म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षा जास्त वेगाने. आता मध्यापासून 1 मिलिमीटरवर फक्त 1 ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. त्याच फेऱ्यांवर तेवढ्याने जवळजवळ 250 न्यूटन जोर पडतो, म्हणजे 25 किलो वजनाइतका, आणि तोही दर फेऱ्याला दिशा बदलत. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. बुशमधला तेलाचा पातळ थर हे किती वेळ सोसणार?

हे सगळं मी काउंटरवर सांगितलं. समोरचा माणूस फॉर्मकडे बोट दाखवत म्हणाला, "असेंब्लीचा पार्ट नंबर लिहा." मी म्हटलं, वेगवेगळे भाग जोडलेत, अख्ख्या असेंब्लीला नंबर नाही. "मग फॉर्म पुढे जाणार नाही." शाफ्टचा नंबर आहे, व्हीलचा आहे, ते घ्या म्हटलं. रकाना एकच आहे, असं उत्तर आलं. पुन्हा गेलो तर तो माणूस नव्हता, आणि त्याच्याशिवाय फॉर्म कुणी घेईना. रोटर हातात, मशीन भिंतीपलीकडे चालू असल्याचा आवाज येतोय, आणि अडलंय काय तर एक रकाना! शेवटी मशीनवर काम करणारे एक वयस्कर काका बाहेर आले. रोटर हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ड्रॉइंग आहे का?" लांबी, बुश बसतात तिथले व्यास, दोन्ही व्हीलचे व्यास आणि वजन मी एका कागदावर काढून दिलं. काकांनी तो कागद फॉर्मला टाचला, नंबरच्या रकान्यात 'ड्रॉइंगप्रमाणे' लिहिलं, आणि काम आत गेलं. तेव्हा अशा ठिकाणी जाताना ड्रॉइंग घेऊनच जा, आणि काउंटरवर न थांबता मशीनवाल्याला भेटायचा आग्रह धरा.

बराच काळ थांबल्यावर रोटर परत आला. सोबत चिठ्ठी, तिच्यावर एक शब्द: 'ओके'. किती फेऱ्यांवर तपासला? किती असमतोल उरला? काहीच नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, नुसता रोटर काही हजार फेऱ्यांवर बघितला होता. तीही पायरी लागतेच, पण ती अर्धी. खरी कसोटी पूर्ण कार्ट्रिजची, म्हणजे बेअरिंग हाउसिंगमध्ये बसवलेल्या रोटरची, असते: बुश, तेल, सगळं जागेवर, टर्बाइनवर हवा सोडून रोटर प्रत्यक्षातल्या वेगाकडे नेतात आणि कंपन मोजतात. जास्त आलं तर कॉम्प्रेसरच्या नटाकडून किंचित धातू काढतात. मी ग्राफ मागितला. "ग्राफ कोणी मागत नाही." मी मागतोय, म्हटलं, आणि तिथून हललो नाही. अखेर कार्ट्रिज चाचणीच्या रिगवर चढलं आणि वेगानुसार कंपन दाखवणारा ग्राफ माझ्या हातात आला. तो कागद मिळाल्यावर जे समाधान वाटलं, ते पहिल्यांदा बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढतानाही वाटलं नाही.

तिथे पाठवण्याआधीची एक गोष्ट राहिली. नट, व्हील आणि शाफ्ट यांच्यावर एका रेषेत खूण करा, आणि कार्ट्रिज बॅलन्स होऊन आल्यावर तो नट सैल करू नका. बऱ्याच टर्बोंत तो उलट्या आट्यांचा असतो. घट्ट करताना टी-हँडल वापरा, बाजूने ताण आला तर शाफ्ट वाकतो.

कुठल्याही बॅलन्सिंगवाल्याकडून ग्राफ मिळत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बॅलन्स केलेलं तयार कार्ट्रिज घ्या आणि हाउसिंग, पाइप, वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) एवढंच घरी करा. इंधन आणि इग्निशन नव्या बूस्टला जुळवल्याशिवाय मात्र पेट्रोल इंजिनवर दाब वाढवू नका, नॉकिंगने (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकण्याने) पिस्टन जातील.

बसवताना तेलाचा ड्रेन पाइप रुंद आणि शक्यतो सरळ खाली जाणारा ठेवा. तेल तिथून फक्त उताराने परततं, आणि ते तुंबलं की सील रिंगांतून बाहेर येतं. लोक मग सीलला दोष देतात. तेलाच्या फ्लॅंजला सिलिकॉन लावू नका, त्याचा तुकडा सुटून तेलाचा मार्ग बंद करतो. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी तेलाच्या भोकातून तेल भरून रोटर हाताने फिरवा. मग इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत नुसता स्टार्टर मारा.