दवाखान्यातले पडदे आणि एक खुर्ची

सेकंडहँड मॅग्नेपॅन एलआरएस स्पीकरची जोडी घरात उभी केली तेव्हा आई दारातूनच म्हणाली, “हे काय रे, दवाखान्यातले पडदे आणून राहिला का घरात?” तिचं काही चुकलं नव्हतं. चार फूट उंच, सव्वा फूट रुंद, जाडी जेमतेम इंचभर. लाकडी डबा नाही, नेहमीच्या स्पीकरसारखा कागदी शंकू नाही. मायलरच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पडद्याला चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि जवळ लोहचुंबकं. पडदा हलला की जेवढा आवाज पुढे, तेवढाच उलटा मागे. बाजूला मात्र जवळजवळ काहीच नाही.

आमची नागपूरच्या प्रतापनगरमधली खोली 16 बाय 11 फूट, खाली गुळगुळीत टाइल्स. पहिल्या दिवशी पॅनेलं भिंतीपासून फूटभरावर उभी केली, मी समोरच्या भिंतीला टेकलेल्या दिवाणावर बसलो आणि किशोरीताई आमोणकरांचा एक ख्याल लावला. गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि डग्गा नुसता घुमत होता. पैसे पाण्यात गेले असंच वाटलं.

एक गोष्ट लवकर कळली. भिंत फूटभरावर असली तर मागचा आवाज दोनच मिलिसेकंदांत परततो आणि कान त्याला मूळ आवाजातच कालवून टाकतो. चार फुटांवर तोच सात मिलिसेकंदांनी येतो आणि वेगळा पडतो, खोली जरा मोकळी वाटते. म्हणून रोज रात्री टेप घेऊन सहा-सहा इंच पुढे सरकवत गेलो. अकरानंतरच, कारण मे महिन्यात कूलर बंद करायचा म्हणजे वीस मिनिटांत बनियन ओलं. (40 अंशांना आवाजही सेकंदाला 355 मीटर पळतो, 20 अंशांना 343. आकडेमोडीत एवढा फरक धरायचा नसतो, पण मी धरला.)

फरशीवर खडूने खुणा करायचो. एके दिवशी मावशींनी पोछा मारला आणि दोन आठवड्यांची मेहनत बादलीत गेली. चिडलो, पण पुन्हा कानानेच जागा लावली तर आधीच्यापेक्षा सहज चार इंच वेगळी निघाली. म्हणजे आधीची “अचूक” जागा किती अचूक होती, ते समजलं.

एकदा पॅनेलांमागे गादी उभी केली. आवाज स्वच्छ झाला, पण तानपुरे मेल्यासारखे वाजायला लागले. गादी परत पलंगावर. तिथे पुस्तकांचं कपाट ठेवलं, ते चाललं. डावं-उजवं पॅनेल अदलाबदल करून ट्विटरची (बारीक, उंच स्वर वाजवणाऱ्या पट्टीची) कड आतल्या बाजूला घेतली, तेव्हा गाणारी बाई एका जागी बसली.

डग्गा मात्र तसाच. एका रात्री वैतागून उठलो, पाणी प्यायला निघालो आणि खोलीच्या मध्यावर डग्ग्याचा आवाज अचानक बदलला. दिवाणावर बसून मी पॅनेलं हलवत होतो, स्वतः जागचा हललोच नव्हतो. सोळा फुटांच्या खोलीत 35, 70, 105 हर्ट्झला लाटा दोन भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. भिंतीला टेकलं की त्या सगळ्या एकदम कानावर आदळतात. मध्यावर 105 गायब आणि 70 फुगलेला. भिंतीपासून चार फुटांवर 70 बेपत्ता. 35 हर्ट्झ तर या छोट्या पॅनेलांच्या आवाक्यातच नाही, तो विषय संपला.

दिवाण सोडून जेवणाच्या टेबलची खुर्ची आणली. लांबीच्या 38 टक्क्यांवर बसा असा एक ठोकताळा आहे, म्हणजे मागच्या भिंतीपासून सहा फूट. तिथे ठीक होतं. सव्वापाच फुटांवर डग्ग्याची थाप आणि मींड दोन्ही वेगळी ऐकू आली, आणि गाणाऱ्या बाईच्या मागे दोन तानपुरे, एक डावीकडे, एक उजवीकडे. देशपांडे सभागृहात पुढच्या रांगेत बसल्यावर असतात तसे. त्या रात्री दोन वाजेपर्यंत कूलर लावायचं सुचलंच नाही.

आता फरशीवर ऑइलपेंटचे लाल ठिपके आहेत, पॅनेलांचे आणि खुर्चीचेही. खुर्ची नेमकी गॅलरीच्या वाटेत येते. आई दिवसातून दोनदा ती भिंतीला सारते, मी रात्री परत ठिपक्यांवर आणतो.